आंतरराष्ट्रीय युवा मेळावे: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीतला युवा दिन किंवा ऑगस्टमधला आंतरराष्ट्रीय युवा दिन जवळ आला, की मोबाइलवर परदेशी परिषदांच्या जाहिराती फिरू लागतात. मग विद्यार्थ्यांचे, त्यांच्या आईवडिलांचे, कधी तालुक्याच्या गावच्या शिक्षकांचे निरोप येतात. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि या अर्जांसाठी मुलांना मदत करते. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे युवा मेळावे म्हणजे नेमकं काय? तिथे दिवसभर करतात काय?

वेगवेगळ्या देशांतले तरुण काही दिवस एका शहरात जमतात आणि ठरलेल्या विषयांवर बोलतात. मोठ्या सभागृहात मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची भाषणं होतात, पण खरं काम छोट्या गटांत चालतं. एका टेबलाभोवती नायजेरिया, फिलिपिन्स, जॉर्डन आणि भारतातली मुलं बसतात आणि एकेका वाक्यावर वाद घालत मसुदा तयार करतात. शेवटी त्याचा जाहीरनामा होतो. तो कायदा नसतो आणि कोणत्याही सरकारवर बंधनकारक नसतो. मग त्याचा उपयोग काय, ते प्रश्न १३ मध्ये पाहा.

२. खरोखरचे आणि मोठे मेळावे कोणते?

यादी लांब आहे. आधी कोण भरवतं ते पाहा, म्हणजे निवड सोपी जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा युवा मंच २०१२ पासून न्यूयॉर्कच्या मुख्यालयात भरतो, अलीकडे एप्रिलमध्ये. तिथे तरुण थेट देशांच्या प्रतिनिधींसमोर बोलतात. प्रवेश मात्र बहुतेक वेळा सरकारं किंवा मान्यताप्राप्त संस्थांमार्फत मिळतो. युनेस्कोचा युवा मंच १९९९ पासून दर दोन वर्षांनी, युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेला जोडून होतो. राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची बैठक असते तेव्हा तिच्यासोबत राष्ट्रकुल युवा मंच भरतो. २०२४ मध्ये तो सामोआला झाला.

जी-२० देशांचा तरुणांसाठीचा भाग म्हणजे वाय-२०. २०२३ मध्ये यजमानपद भारताकडे होतं आणि त्याची शिखर बैठक ऑगस्टमध्ये वाराणसीला झाली. त्याआधी मार्चमध्ये पुण्यात एक सल्लामसलत बैठक झाली होती आणि तिचा विषयच शांतता आणि समेट हा होता. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून गाठता येईल इतक्या जवळ हे घडलं, पण आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना त्याचा पत्ता होता, याची मला अजून हळहळ वाटते.

सरकारांनी भरवलेले मेळावेही आहेत. इजिप्तच्या शर्म अल-शेखमध्ये नोव्हेंबर २०१७ पासून जागतिक युवा मंच भरू लागला आणि चौथा जानेवारी २०२२ मध्ये झाला. जुनी परंपरा आहे ती जागतिक युवक व विद्यार्थी महोत्सवाची. पहिला १९४७ मध्ये प्रागला झाला, तर २०१७ चा रशियातल्या सोचीमध्ये. याशिवाय 'वन यंग वर्ल्ड' हा खासगी मेळावा २०१० मध्ये लंडनपासून सुरू झाला. त्याचं प्रतिनिधी शुल्क सहसा कंपन्या भरतात, आणि काही शिष्यवृत्त्याही असतात.

३. शांतता, विकास आणि सर्जनशीलता हे तीन विषय एकत्र का असतात?

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष पाळलं, तेव्हा त्याची त्रिसूत्री होती सहभाग, विकास आणि शांतता. विकास आणि शांतता तेव्हापासून जोडीने येतात. सर्जनशीलता नंतर आली, कारण रोजगाराचा मोठा वाटा कला, हस्तव्यवसाय, डिझाइन आणि चित्रपटांतून येतो हे सरकारांच्या लक्षात आलं. २०२१ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी सर्जनशील अर्थव्यवस्थेचं वर्ष म्हणून पाळलं.

शांततेच्या बाबतीत एक तारीख लक्षात ठेवा. ९ डिसेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२५० क्रमांकाचा ठराव मंजूर केला. तरुण हे फक्त युद्धाचे बळी किंवा दंगलीतले आरोपी नसतात, शांतता टिकवण्यात त्यांचा वाटा असतो, हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट नोंदवलं गेलं. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं निधन झालं तेही ९ डिसेंबरलाच, १९४२ साली. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते, तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आतलं होतं. दुसऱ्या देशातल्या जखमींसाठी घर सोडून गेलेला हा तरुण आपल्याच गावचा होता, हे अर्जात लिहिण्यासारखं आहे. पण त्यांचं चरित्र वाचून मगच लिहा.

४. वयाची अट काय असते? मी २७ वर्षांचा आहे, चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालेल. संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ हा गट धरतात. ठराव २२५० मध्ये १८ ते २९ आहे, तर आपल्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९. खासगी मेळाव्यांची मर्यादा वेगळी असते. वय अर्जाच्या दिवशी मोजतात की मेळाव्याच्या पहिल्या दिवशी, हे जाहिरातीत नीट पाहा.

५. आम्ही सोलापूरचे. तिथे बोलण्यासारखं आमच्याकडे काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण उत्तर विचारणाऱ्याच्या घरातच असतं.

विकास घ्या. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलींच्या आया विड्या वळतात. कुंभारीच्या माळावर याच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहिली आणि त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली. घर मिळाल्यावर कामाच्या ठिकाणी जायचं कसं? मुलांच्या शाळेचं काय? विडीला पर्यायी काम कोणतं? तंबाखूवर जगभर निर्बंध वाढत असताना तंबाखूवर पोट असलेल्या बाईचं पुढे काय, या प्रश्नावर कुठल्याही आंतरराष्ट्रीय सभागृहात लोक कान देऊन ऐकतील. आणि तो प्रश्न त्या बाईच्या मुलीने मांडला, तर त्याचं वजन कुठल्याही तज्ज्ञाच्या सादरीकरणापेक्षा जास्त असेल.

पाणी घ्या. उजनीसारखं प्रचंड धरण जिल्ह्यात असून शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. हे का होतं, धरण ते नळ या वाटेत काय अडतं, याचा अभ्यास करून गेलेल्या मुलाला जॉर्डन किंवा केनियातल्या मुलांशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

सर्जनशीलता म्हटली की मुलं लगेच नाच-गाण्याकडे वळतात. नाच-गाणं असू द्या. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव याच भागातल्या मालाला लावता येतं. तिची नक्षी ग्राफ कागदावर चौकटी रंगवून काढायची, मग पुठ्ठ्यांना भोकं पाडून ती जेकार्ड मागावर चढवायची, हे काम करणारी डोकी आपल्या गल्लीत आहेत. त्यांची पुढची पिढी या धंद्यात का येत नाही? स्वस्त नकलांना तोंड कसं द्यायचं? हाताच्या कसबावर जगणाऱ्या प्रत्येक शहराला हे प्रश्न पडलेले आहेत.

आणि शांतता. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या भाषा एकाच चौकात बोलल्या जातात, असं शहर जवळून बघण्यासारखं असतं. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी कधी थांबलात तर नावं वाचा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० मध्ये इंग्रजांनी शहरात लावलेल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे लष्करी अंमलानंतर, या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्याच १२ जानेवारीला देश राष्ट्रीय युवा दिन पाळतो. पण आपल्याकडे कधीच तणाव होत नाही, असं मात्र सांगू नका. तणाव होतो तेव्हा मोहल्ल्यातली कोण माणसं तो निवळवतात आणि कशी, ते सांगा.

६. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठी माध्यमातून शिकलो. जमेल का मला?

जमेल, पण मेहनत घ्यावी लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. मोठ्या सभांत दुभाषे असतात, पण गटचर्चा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालते. तिथे जमलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची इंग्रजी ही दुसरी नाहीतर तिसरी भाषा असते, त्यामुळे उच्चारांवरून कुणी हसत नाही. आपल्या विषयावर पाच मिनिटं न अडखळता बोलता येणं आणि समोरच्याला प्रश्न विचारता येणं, इतकी तयारी करा. घरात तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी आणि हिंदी अशा तीन भाषा सांभाळणाऱ्या मुलाने चौथ्या भाषेला घाबरण्याचं कारण नाही.

७. निवड कशी होते? अर्जात काय लिहायचं?

साधारणपणे माहितीपत्र, प्रेरणापत्र आणि कामाचा पुरावा मागतात, काही ठिकाणी दोन मिनिटांचा व्हिडिओही. "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे" असं सुरू होणारी पत्रं मी ढिगाने वाचली आहेत आणि निवड करणाऱ्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेली असतात. पहिल्या वाक्यात काम सांगा: कुठे, कोणासोबत, काय केलं, काय अडलं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सांगोल्याकडच्या गावात बांध घातला असेल, तर त्या बांधाबद्दल लिहा. मशीनकडून पत्र लिहून घेऊ नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

पदक किंवा वशिला लागत नाही. वर्षभर एका कामाला चिकटून राहिलेलं माणूस त्यांना हवं असतं.

८. खर्च कोण करतं? "पूर्ण खर्चासह" म्हणजे खरंच सगळं फुकट का?

चार प्रकार दिसतात. यजमान तिकिटासह सगळा खर्च करतात. किंवा राहणं-जेवण ते देतात आणि तिकीट आपलं. किंवा प्रवेश मोफत आणि बाकी सगळं आपलं. किंवा शुल्कही आपणच भरायचं. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमांत निवड झाली म्हणजे तिकीट मिळालं, असं समजू नका. व्हिसाची फी, विमा आणि मुंबईच्या खेपा बहुतेक वेळा कुणीच देत नाही. केंद्र सरकारच्या युवा आदानप्रदान शिष्टमंडळात किंवा एनसीसीच्या आदानप्रदान कार्यक्रमात निवड झाली तर खर्चाचा भार बराच हलका होतो, म्हणून त्या वाटा आधी बघा.

कर्ज काढून किंवा घरातलं सोनं गहाण ठेवून जाऊ नका. मी हे प्रत्येकाला सांगते आणि इथेही सांगते. तीन-चार दिवसांच्या परिषदेसाठी घर अडचणीत घालावं, इतकी कोणतीही परिषद मोठी नाही.

९. निवड झाल्याचं पत्र आलंय, पण आधी पैसे भरायला सांगतात. खरं की खोटं?

बहुधा टाळण्यासारखं. नाव भारदस्त, चिन्ह संयुक्त राष्ट्रांसारखं, अर्ज केल्यावर दोन दिवसांत निवड आणि जागा राखण्यासाठी आठवड्यात शुल्क: हे सगळं एकत्र दिसलं तर थांबा. यातल्या काही परिषदा खरोखर होतात, पण हॉटेलचा एक हॉल, भाषणं, प्रमाणपत्र आणि शहरदर्शन यापलीकडे तिथे काही नसतं. पैसे भरतो त्या प्रत्येकाची निवड होत असेल, तर ती निवड नव्हेच.

तपासायचं असं. संस्थेचा नोंदणीचा पत्ता शोधा. मागच्या वर्षी गेलेल्या दोन जणांशी स्वतः बोला, जाहिरातीतल्या अभिप्रायांवर विसंबू नका. संयुक्त राष्ट्रांचं नाव असेल, तर त्यांच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत तो मेळावा आहे का ते पाहा. पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले, तर तिथेच विषय संपवा.

१०. कॉलेजातलं मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणजे हेच ना?

नाही. तिथे तुम्ही एखाद्या देशाची भूमिका वठवता. कार्यपद्धती आणि वक्तृत्व शिकायला ते उत्तम आहे. पण इथे तुम्हाला स्वतःचं म्हणणं मांडायचं असतं.

११. पासपोर्ट नाही. कधी काढावा? व्हिसाचं कसं?

पासपोर्ट आजच काढा, निवडीची वाट पाहू नका. सोलापुरात टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आहे. विभागीय कार्यालय पुण्याचं. पोलीस पडताळणीत पत्ता जुळला नाही की वेळ जातो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि आधारवर गावचा पत्ता असलेल्यांनी हे आधी निस्तरावं.

व्हिसासाठी मूळ निमंत्रणपत्र, महाविद्यालयाचं पत्र, पालकांच्या उत्पन्नाची कागदपत्रं आणि परत येणार याचा विश्वास देणारं काहीतरी लागतं, म्हणजे पुढच्या सत्राचा प्रवेश किंवा नोकरीची रजा. अमेरिकेची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने आदल्या रात्री निघण्यापेक्षा एक दिवस हाताशी ठेवून जा. युरोपच्या शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांसाठी, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत तो द्यावाच लागतो आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो.

१२. मुलीला एकटीला कसं पाठवायचं? (हे आईवडिलांकडून येतं)

ताई, दादा, तुमची काळजी रास्त आहे, तेव्हा आयोजकांना थेट विचारा. विमानतळावर घ्यायला कोण येणार? खोली कोणासोबत? रात्रीचे कार्यक्रम कुठे? तक्रार कुणाकडे करायची? चांगले आयोजक याची उत्तरं लेखी देतात, टाळाटाळ करणाऱ्यांकडे मुलालाही पाठवू नका. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक तिच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये असू द्या. एवढं झाल्यावर मात्र फक्त मुलगी आहे म्हणून अडवू नका. सोलापूरहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलींनाही एकेकाळी हेच सांगितलं जायचं.

१३. ठराव कागदावरच राहतात. मग जाऊन उपयोग काय?

बरेचसे राहतात, हे खरं आहे. पण काही पुढे सरकतात आणि ते हळू सरकतात. २२५० ठरावाच्या आधी तरुणांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. ठरावानंतर जगभरच्या तरुणांशी बोलून एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी २४१९ आणि २०२० मध्ये २५३५ क्रमांकाचे पुढचे ठराव आले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तरुणांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापायचं ठरवलं. यातलं काहीही एका मेळाव्यात झालं नाही, पण मेळाव्यांमध्ये मांडलेल्या मुद्द्यांशिवायही ते झालं नसतं.

स्वतःपुरता उपयोग ओळखींचा. परत आल्यावर महिन्याभरात निदान चार जणांना पत्र लिहा, नाहीतर ओळखी विरतात.

१४. यजमान सरकारच खर्च करतं. मग आपण त्यांच्या प्रचाराला जातो, असं नाही का?

ही शंका योग्य आहे. शर्म अल-शेखचा मंच राष्ट्राध्यक्ष अब्देल फताह अल-सिसी यांच्या छत्राखाली भरायचा, आणि त्याच देशात तरुण कार्यकर्ते तुरुंगात असल्याचं मानवी हक्क संघटना सांगत होत्या. रशियाने मार्च २०२४ मध्ये युवा महोत्सव भरवला तेव्हा युक्रेनचं युद्ध चालू होतं. शीतयुद्धाच्या काळातले महोत्सवही राजकारणापासून लांब नव्हते.

मी कुणाला जाऊ नको म्हणत नाही. जाण्याआधी त्या देशाबद्दल दोन्ही बाजूंचं वाचा, न वाचलेल्या निवेदनावर सही करू नका, आणि कॅमेऱ्यासमोर यजमानांची स्तुती करायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. तिथल्या सामान्य तरुणांशी मात्र जरूर बोला.

१५. माझ्या नावापुढे "भारत" लिहिलेलं असतं. मग मी सरकारच्या वतीने बोलते का? वादाचा विषय निघाला तर?

मंत्रालयाने पाठवलेल्या शिष्टमंडळात असाल, तर हो. तिथे दिलेल्या सूचना पाळा. स्वतः अर्ज करून गेला असाल तर तुम्ही स्वतःच्या वतीने बोलता, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. भारताचा नकाशा चुकीचा लावलेला दिसला तर आयोजकांना शांतपणे, लेखी कळवा.

पाकिस्तानच्या मुलांशी बोलावं का, असंही विचारतात. जरूर बोला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक म्हणून २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले रणजितसिंह डिसले यांनी तर एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन जोडून देणारा उपक्रमच चालवला, त्यात भारत-पाकिस्तानही होते. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. आपल्या जिल्ह्यातलं हे उदाहरण आहे.

१६. परीक्षा आणि मेळावा एकाच वेळी आले तर?

परीक्षा द्या. एप्रिलमधले मेळावे सत्र परीक्षेच्या तोंडावर येतात, म्हणून विद्यापीठाचं वेळापत्रक पाहूनच अर्ज करा. हजेरीचा प्रश्न असेल तर निघण्याआधी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, आल्यावर नव्हे.

१७. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आयोजक राहण्या-जेवणाचा खर्च देणार आहेत. काही अडचण?

आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. परकीय योगदान नियमन कायदा २०१० च्या कलम ६ नुसार सरकारी कर्मचारी आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांचे कर्मचारी परदेशात असताना केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय परकीय आदरातिथ्य स्वीकारू शकत नाहीत. राजकीय पक्षांचे पदाधिकारीही यात येतात. खात्याची रजा आणि परदेश प्रवासाचं ना-हरकत पत्र वेगळं, ही परवानगी वेगळी. दोन्हींसाठी हाताशी वेळ ठेवा. खासगी नोकरीतल्यांना किंवा विद्यार्थ्यांना हे कलम लागू नाही.

१८. परदेशी जाणं शक्यच नाही. इथे राहून काही करता येईल का?

भरपूर. जानेवारीतला राष्ट्रीय युवा महोत्सव २०२४ मध्ये नाशिकला झाला होता. त्याची निवड जिल्ह्यापासून सुरू होते. केंद्र सरकारच्या 'माय भारत' या तरुणांसाठीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या युवा मंचाची सत्रं थेट प्रक्षेपणात बघता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल परिषदेच्या आधी तरुणांच्या स्थानिक परिषदाही होतात, तिथे प्रवेश तुलनेने सोपा असतो. आणि प्रश्न ५ मधले विषय घेऊन चार महाविद्यालयांनी मिळून सोलापुरातच दोन दिवसांची चर्चा भरवली, तर त्यासाठी कुणाच्या व्हिसाची गरज नाही.

१९. निवड झाली, पण व्हिसा नाकारला. आता?

नकाराचं पत्र नीट वाचा. कारण कागदपत्रांचं असेल आणि वेळ उरला असेल, तर दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. पुढच्या कोणत्याही अर्जात हा नकार लपवू नका. आयोजकांना त्याच दिवशी कळवा आणि तीन गोष्टी मागा: ऑनलाइन बोलण्याची संधी, तुमचं लेखी निवेदन गटाच्या मसुद्यात घेण्याची विनंती, आणि पुढच्या वर्षी निवड कायम राहील का याचं उत्तर. तिकीट काढलं असेल तर नकाराचं पत्र जोडून परताव्याची मागणी करा. परतावा मिळेलच असं नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच तिकीट काढा.